कबरीच्या पिसवा

फुलसावंगी
१३ सप्टेंबर १९६१

राळेगावच्या वच्छलाबाई विहीणबाईंना फुलसावंगीहून भागीरथाचा रामराम.

पोळा चांगला झाला. बैल सुखरूप आहेत, माणसंही आहेत. आता कामाचं बोलते.

तुमची नंदा आखाडीला माहेरी आली होती. लग्नानंतरची पहिली आखाडी, म्हणून मीही आढेवेढे न घेता पाठवली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक टोपली. मला वाटलं, विहीणबाईंनी कुरड्या पाठवल्या. झाकण काढलं, तर आत मांजर! एवढ्या लांबून एसटीत बसून आलेलं मांजर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मांजर देखणं आहे, उंदीर मारतं, घाण करत नाही. हे सगळं मला कबूल आहे. पण त्याच्यासोबत पिसवांचं जे वऱ्हाड तुम्ही पाठवलं, ते काही परत जायला तयार नाही. आमचे हे रात्रंदिवस पाय खाजवतात. माझ्या पोटऱ्यांवर गांधी उठल्या आहेत. तुमचा जावई देवराव काही बोलत नाही, पण जेवताना एका हातानं जेवतो आणि दुसऱ्या हातानं खाजवतो, ते मला दिसतं.

इकडे दसरा झाला की आम्ही शेतात सीतादहीची पूजा करतो आणि मग कापूस वेचायला लागतो. वेचलेला कापूस मागच्या खोलीत रचतो, तो विकेपर्यंत घरातच असतो. कापसात एकदा पिसवा शिरल्या की संपलं. वेचणाऱ्या बाया खोलीत पाय ठेवणार नाहीत आणि गावभर बोभाटा होईल. म्हणून आधीच सांगून ठेवते. कापूस घरात यायच्या आत पिसवा गेल्या तर बरं, नाहीतर मांजर पोत्यात घालून नाल्यापलीकडे. तांड्यावरच्या बिजलीबाईनं सीताफळाच्या बियांची पूड देते म्हटलं आहे, ती चोळून बघते.

हे पत्र नंदानंच लिहिलं आहे, हे तुम्ही अक्षरावरून ओळखलं असेल. आमच्या घरात नीट लिहिता येणारी ती एकटीच. देवराव सही करतो, पण त्याला पत्र म्हणत नाहीत. तुमचं पत्र आलं की वाचून दाखवणारीही तीच. मी बोलते, ती लिहिते. शब्द तिचे पुस्तकी आहेत, राग माझा आहे.

नंदाची तब्येत बरी आहे. काम चोख करते. बोलत मात्र काही नाही.

भागीरथा

 

राळेगाव
२० सप्टेंबर १९६१

भागीरथाबाई, तुम्हाला वच्छलाचा नमस्कार. पत्र पोचलं. अक्षर ओळखलं आणि रागही ओळखला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या घरी पिसवा नाहीत, कधी नव्हत्या. नंदाचे वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत, औषधांच्या वासानं आमच्याकडे माशीसुद्धा बिचकते. कबरी इथून निघाली तेव्हा आरशासारखी स्वच्छ होती. तिकडे गेल्यावर तिला कोणाची संगत लागली ते मी कसं सांगू? विहिणीनं विहिणीला विचारू नये, पण तुमच्याकडे कुत्रं आहे का?

असो. मी यांना विचारलं. ते म्हणाले, सीताफळाच्या बियांची पूड अजिबात नको. ती डोळ्यात गेली तर डोळा जातो, मांजराचाही आणि चोळणाऱ्याचाही. बिजलीबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पूड त्यांनाच परत द्या. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं घर पुसून घ्या आणि थोडा धीर धरा, असं ते म्हणतात. धीर धरा हे ते मला रोजच सांगतात, त्यामुळे तेवढं तुम्ही मनावर घेऊ नका.

नाल्यापलीकडे सोडायचं मात्र मनातून काढून टाका. कबरी एवढीशी होती तेव्हापासून नंदानं तिला कापसाची वात दुधात बुडवून पाजली आहे. मुलीला दागिने द्यायला आमच्याकडे फार नव्हते, म्हणून मांजर दिलं असं समजा.

आणि नंदा, हे तू मोठ्यानं वाचते आहेस ना? घसा बरा आहे ना तुझा? विहीणबाई, रागावू नका. तिचा आवाज ऐकून दोन महिने झाले, म्हणून विचारलं.

तुमची
वच्छला

 

फुलसावंगी
१ ऑक्टोबर १९६१

वच्छलाबाईंना भागीरथाचा रामराम.

कुत्रं आहे. भुऱ्या त्याचं नाव. पण ते अंगणात असतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं होळीच्या पुरणात तोंड घातलं, तेव्हापासून त्याला उंबरठ्याच्या आत पाय ठेवायची मनाई आहे आणि माझी मनाई या घरात कोणी मोडत नाही. तेव्हा कुत्र्यावर घालू नका.

पूड परत दिली. बिजलीबाई फुगली आहे. तुम्ही सांगितलं तसं कडुनिंबाचं पाणी करून नंदानं स्वयंपाकघर आणि पडवी पुसली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त. आमचे हे म्हणाले, पिसवांना तुमचं पाणी मानवलेलं दिसतं.

मग देवरावानं मार्ग काढला. भिंतींवर मच्छरांची फवारणी करणारे लोक गावात आले होते. त्यांच्याजवळून तो एक डबाभर पांढरी पावडर मागून घेऊन आला. ती भिंतींसाठी असते असं ते म्हणत होते, पण मच्छर मरतो तर पिसू काय जास्त शहाणी आहे? मांजराच्या अंगाला मूठभर चोळली की काम झालं. सध्या पितृपक्ष चालू आहे, या दिवसांत मुक्या जनावराला त्रास द्यायचा नाही म्हणून थांबले आहे. सर्वपित्री अमावस्या झाली की दुसऱ्या सकाळी, घट बसायच्या आधी, ते उरकून टाकीन. नाल्यापलीकडे नेण्यापेक्षा हे बरं, असं तुम्हालाही वाटेल.

घसा बरा आहे का म्हणून तुम्ही विचारलं होतं. नंदानं ते वाचलं आणि नुसती मान हलवली. आता मान हललेली पत्रात कशी पाठवू?

भागीरथा

 

राळेगाव
७ ऑक्टोबर १९६१

भागीरथाबाई,

हे पत्र टपालात टाकत नाही. महागावच्या गाडीवर ड्रायव्हर हरिसिंग आहेत, ते यांच्या ओळखीचे. त्यांच्या हाती देते आहे. सर्वपित्रीच्या आधी तुमच्यापर्यंत पोचायला पाहिजे.

ती पावडर कबरीला लावू नका. हात जोडून सांगते. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर हे ताटावरून उठले. म्हणाले, मांजर दिवसभर अंग चाटतं. त्याच्या अंगाला जे लावाल ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलेलं असतं. भिंतीचं औषध भिंतीला. मांजर तडफडून मरेल.

यांनी सांगितलं ते सगळं लिहिते. मांजराच्या अंगाला काही म्हणजे काही लावायचं नाही. उवांची बारीक दातांची फणी घ्या, रोज तिच्या अंगावरून फिरवा, फणीत आलेली पिसू रिठ्याच्या फेसाच्या वाटीत बुडवा. इतकंच. पण खरं काम मांजरावर नाही, जमिनीवर आहे. पिसू मांजरावर फक्त जेवायला येते. तिची अंडी आणि पिल्लं असतात जमिनीच्या फटीत, अंथरुणात, तरटात. जनावर जिथं झोपतं ती जागा शोधा. तिथलं सगळं उन्हात टाका, तरटं उकळत्या पाण्यातून काढा, केर जाळा, फटींत चुना भरून वरून सारवा. हे आठ-आठ दिवसांनी तीनदा करा, कारण अंडी मागाहून फुटतात. कुत्र्याला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ चालते, मांजराला तीही नको.

आता जे लिहिते ते लिहायचं नव्हतं. नंदा, थांबू नकोस, वाच.

तुमच्या मागच्या पत्रात कबरीला पावडर चोळायचं लिहिलं आहे, त्या ओळी नंदाच्या हातच्या आहेत. अक्षर इतकं सरळ, इतकं नीट की मी घाबरले. ही मुलगी दातांत ओठ धरते तेव्हाच असं लिहिते. आखाडीला ती इथं आली तेव्हा आठ दिवस तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. निघायच्या आदल्या दिवशी एकदम गप्प झाली. मी विचारलं, तिकडे कोणी बोलतं का तुला? ती म्हणाली, "सगळे चांगले हायेत वो आई. पन मह्या तोंडातून शब्दच निंगत नाही. मी चुलीसंगं बोलतो." भागीरथाबाई, चुलीशी बोलणाऱ्या मुलीसोबत मी काय पाठवणार होते? मीच कबरीला टोपलीत घातलं. तिनं मागितलं नव्हतं.

तुम्हाला वाटत असेल, सातवी शिकलेली म्हणून शिष्ट आहे. तसं नाही हो. ती माणसाला घाबरत नाही, पहिल्या शब्दाला घाबरते.

वच्छला

 

फुलसावंगी
१४ ऑक्टोबर १९६१

वच्छलाबाईंना भागीरथाचा रामराम.

तुमच्या हरिसिंगांनी पत्र महागावला एका दुकानात ठेवलं आणि ते आमच्याकडे बाजाराच्या दिवशी आलं. म्हणजे सर्वपित्री होऊन गेल्यावर. घाबरू नका, पुढचं ऐका.

ठरल्याप्रमाणे त्या सकाळी मी ओसरीत बसले. मांजर मांडीवर घेतलं, मूठ भरली. तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं. या घरात येऊन मला सत्तावीस वर्षं झाली, माझं मनगट आजवर कोणी धरलं नाही. वर पाहिलं तर नंदा. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "आत्याबाई, हे नोका लावू. ते आंग चाटते. मरते ना मंग."

पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं की मे महिन्यापासून आतापर्यंत मी हिचा आवाज फक्त तुमची पत्रं वाचतानाच ऐकला आहे. हो आणि नाही, याच्यापुढे हिचं स्वतःचं वाक्य हे पहिलंच. मी मूठ डब्यात रिकामी केली. डबा परत द्यायला देवरावाला पाठवलं, हात राखेनं तीनदा धुतले. मग तिला विचारलं, मांजराला लावायचं नाही तर पिसवा काय आरती ओवाळून घालवायच्या?

तेव्हा ती रडायलाच लागली. रडता रडता बोलली, आणि एकदा लागली ती थांबेना. पिसवा मांजराच्या नाहीतच म्हणे. मागच्या खोलीत आहेत. ती खोली पावसाळाभर बंद असते, झाडायला नंदाच जाते. मी उठून गेले, दार ढकललं, आत दोन पावलं टाकली आणि बाहेर आले तेव्हा पाय पोटरीपर्यंत पिसवांनी काळे. कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या कापसाचं तरट, त्यावर भुऱ्याची झोपायची खळगी. पावसात भिजतो म्हणून आमचे हे रोज संध्याकाळी मागच्या दारानं त्याला आत घेत होते. ज्येष्ठापासून. मी म्हटलं ना, माझी मनाई या घरात कोणी मोडत नाही.

मी नंदाला विचारलं, "मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?" ती म्हणाली, "मामाजीनं शपथ घातली होती. त्याईले बोलनं बसलं असतं."

सासऱ्याला बोलणं बसू नये म्हणून ही मुलगी स्वतःच्या मांजराचं मरण स्वतःच्या हातानं लिहून बसली होती. सुवाच्य अक्षरात. मी त्या दिवशी जेवले नाही.

मग तुमचं पत्र आलं. नंदा वाचत होती, चुलीच्या ओळीपाशी येऊन अडली. मी म्हटलं, वाच. तिनं खाली मान घालून वाचलं. आता मी हे सांगते आहे, तर तिचा हात थांबला आहे. मी तिला म्हटलं आहे, लिही. मी हिला शिष्ट समजत होते. पाच महिने समजत होते. मला वाटायचं, शिकलेली आहे, आमच्यासारख्यांशी काय बोलणार? म्हणून मीही कामापुरतंच बोलायचे. चूक माझी आहे. हे जसं बोलले तसंच लिहिलं आहे का ते मी तिला दोनदा वाचायला लावणार आहे.

पण याचा अर्थ पिसवांना माफी नाही. कापूस यायला दोन आठवडे उरले आहेत. खोली साफ झाली नाही तर मांजर आणि कुत्रं दोघंही जातील, आणि दोघांना पोचवायला आमचे हे जातील. व्याहीबुवांनी सांगितलं तसं पहिलं सारवण परवा झालं. तरट उकळलं, केर जाळला. भुऱ्याला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, त्यानं सगळ्यांना घातली.

भागीरथा

 

राळेगाव
१९ ऑक्टोबर १९६१, दसरा

भागीरथाबाई, तुम्हाला सोनं देते. पत्रातून देते आहे, प्रत्यक्षात तुम्ही देवरावांच्या हातून घ्या.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यांना वाचून दाखवताना मनगट धरल्याच्या ओळीपाशी मीच अडले. हे बाहेर जाऊन बसले आणि बराच वेळ सायकल पुसत राहिले. सायकल स्वच्छच होती.

तुम्ही एवढं मोकळं बोललात, तर मीही खरं सांगते. कबरी इथं असताना दवाखान्यातल्या आजारी वासरांपाशी झोपायची. तिच्या अंगावर चार पिसवा तरी इथूनच आल्या असतील. आरशासारखी स्वच्छ वगैरे मी रागाच्या भरात लिहिलं होतं. तुमच्या भुऱ्याची मी माफी मागते.

हे म्हणतात, पिसवा उरल्या की नाहीत ते बघायची सोपी युक्ती आहे. तिन्हीसांजेला खोलीत परातभर रिठ्याचं पाणी ठेवा आणि मधोमध दिवा लावा. पिसवा उजेडाकडे उडतात आणि पाण्यात पडतात. आणि पांढरं धोतर नेसून खोलीत फेरी मारली तर एकही लपत नाही. काही काळं दिसलं की समजा अजून काम बाकी आहे.

दिवाळी तोंडावर आली. नंदाची पहिली दिवाळी. तिला पंधरा दिवस तरी ठेवून घेईन म्हणते. मी अनारशांचं पीठ घातलं आहे. तिची खाट बाहेर काढून उन्हात टाकली आहे, पिसवांसाठी नव्हे. कबरीला सोबत आणलंत तरी चालेल. तुमच्याकडे तिचा निकाल काय लागतो त्याची वाट बघते आहे.

वच्छला

 

फुलसावंगी
३१ ऑक्टोबर १९६१

आई,

आज कोणी सांगत नाही आणि मी लिहिते आहे. आत्याबाई म्हणाल्या, या वेळी तुझं तूच लिही, माझा रामराम तेवढा वर घाल. तो घातला असं समज.

निकाल आधी सांगते. कबरी राहिली. भुऱ्याही राहिला.

तिसरं सारवण शुक्रवारी झालं. पहिल्या संध्याकाळी परातीत इतक्या पिसवा पडल्या होत्या की पाणी दिसत नव्हतं. दुसऱ्या सारवणानंतर मोजता येत होत्या. शनिवारी मामाजींना पांढरं धोतर नेसवून आत्याबाईंनी मागच्या खोलीत पाठवलं. शिक्षा म्हणून हे काम त्यांनाच दिलं आहे. ते भिंतीकडेनं फेऱ्या मारत होते आणि आत्याबाई दारातून कंदील धरून त्यांच्या पायांकडे बघत होत्या. एक काळा ठिपका दिसला. आत्याबाईंनी वाकून नखानं उचलला, तर तो तंबाखूचा. मामाजी म्हणाले, "मले वाटलं आता मलेच पोत्यात घालते." मी हसले, आई. मोठ्यानं हसले. तुझ्या जावयांनी वळून बघितलं, त्यांनी मला हसताना कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी सीतादही झालं. शेतात पाच खडे मांडून दहीभात वाहिला, पहिलं बोंड मला वेचायला लावलं. काल कापूस घरात आला. वेचणाऱ्या बाया खोलीत बसून गप्पा मारत होत्या, कोणी पाय खाजवला नाही. भुऱ्याला गोठ्यात वेगळी जागा केली आहे. आठवड्याला त्याचं तरट उन्हात पडतं आणि त्याची आंघोळ मामाजी घालतात. कबरीला आत्याबाई ओसरीत मांडीवर घेऊन बसतात आणि फणी फिरवतात. त्यांना आता जवळचं दिसत नाही, म्हणून फणीतली पिसू मी बघते. आठ दिवसांत एकही निघाली नाही, तरी आम्ही रोज बसतो.

दिवाळीचं सांगते. तू वाट बघते आहेस हे मला माहीत आहे. पण वेचणी भरात आहे आणि आत्याबाई एकट्या पडतील. मी भाऊबीजेला येईन आणि तिसऱ्या दिवशी परत जाईन. पंधरा दिवस नाही जमणार. त्या मला जा म्हणाल्या होत्या, मीच नाही म्हटलं.

आई, आज खूप दिवसांनी माझं म्हणून पत्र लिहायला मिळालं, म्हणून दुपारपासून ठरवत होते की तुला हे सांगायचं, ते सांगायचं. पाच महिन्यांचं साठलं होतं. भीती कशी वाटायची ते, पहिल्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं ते, तुझी आठवण यायची तेव्हा मी कुठं जाऊन बसायचे ते. लिहायला बसले आणि लक्षात आलं की ते सगळं आत्याबाईंना सांगून झालं आहे. फणी फिरवता फिरवता, रोज थोडं थोडं. आता तुला लिहायला काही उरलंच नाही.

रागावू नकोस. अनारसे थोडेच कर.

तुझी
नंदा